मलिद्याजवळचा अर्धा माणूस

आमचा इस्राएलमधल्या अश्दोदचा ब्लॉक चौथ्या मजल्यावर होता. पप्पांना विचाराल तर त्यांनी तो घर म्हणून घेतलाच नव्हता, समुद्र म्हणून घेतला होता. खोल्या त्याच्याबरोबर आल्या. ब्लॉक हा शब्द आता ठाण्यातही कोणी वापरत नाही, सगळे फ्लॅट म्हणतात, हे मला मागच्या खेपेला कळलं आणि उगीच वाईट वाटलं. आम्ही ठाणं सोडलं तेव्हा मी सहावीत होते. माझं शाळेतलं मराठी तिथेच थांबलं, आणि पुढचं मी आई आणि आत्या यांच्या तोंडून घेतलं. त्या दोघींचं मराठी मुंबईच्या विमानतळावर जसं होतं तसंच इथे उतरलं आणि कधी बदललं नाही. म्हणून मी लिहिते त्यात ब्लॉक आहे, सर्व्हिस आहे, फर्स्टक्लास आहे. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

तर समुद्र. दिवाणखान्याला, म्हणजे इथल्या भाषेत सलोनला, पश्चिमेकडे भिंतभर खिडकी होती आणि तिच्यात दुपारपासून संध्याकाळपर्यंत समुद्र भरलेला असे. पप्पा बंदरात क्रेनवर होते. दिवसभर समुद्राच्या उरावर बसून घरी आल्यावर हा माणूस खुर्ची ओढून पुन्हा समुद्राकडेच बघत बसे. त्यांचं एकच दुःख होतं. ठाण्याच्या नातेवाइकांना ते प्रत्येक सणाचे फोटो पाठवत आणि एकाही फोटोत समुद्र येत नसे. खिडकी मागे ठेवून माणसं उभी केली की एक तर समुद्र दिसे आणि आम्ही सगळे काळेठिक्कर, नाही तर आम्ही दिसू आणि खिडकीच्या जागी नुसती पांढरी चादर. ठाण्याचे डॅनियलकाका फोनवर खवचटपणे विचारत, "काय रे, समुद्र आजपण सुट्टीवर?" पप्पा फोन ठेवत आणि तासभर समुद्राकडे पाठ करून बसत.

पप्पांचं दुसरं दुःख साखर होतं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी ती बंद केली होती आणि अंमलबजावणी आईकडे सोपवली होती. आई घरात कधी मोठ्याने बोलली नाही, तिला गरजही पडली नाही. सकाळी मशीनगनसारखा वाजणारा खालच्या मजल्याचा मिक्सर, बंदरावरचे भोंगे, शेजारणीचा रशियन रेडिओ, या सगळ्या आवाजांतून तिला साखरेच्या डब्याचं झाकण ऐकू येई. पप्पांनी मग आपली अशी एक कला विकसित केली होती. ते काहीही चोरून खाताना उभ्यानेच, किंचित वाकून खात, उजव्या हाताने घास आणि डाव्या हाताचा तळवा हनुवटीखाली धरलेला, म्हणजे कण खाली पडू नये. रोश हशानाला, म्हणजे आमच्या नवीन वर्षाला, गव्हाच्या चिकाचा हलवा वड्या पाडून थाळीत थंड होत असे, तेव्हा मी त्यांना तसं कितीदा तरी पाहिलं होतं. मी कधी चुगली केली नाही. एक वडी मला मिळायची.

सैन्यातली माझी सक्तीची दोन वर्षं कागद इकडून तिकडे नेण्यात गेली, आणि सुटल्याबरोबर मी एका लग्नाच्या फोटो स्टुडिओत लागले. मालक मोरोक्कोहून आलेला, गोलमटोल, नवऱ्यामुलांना ‘पोट आत’ असं चार भाषांत सांगणारा. त्याच्याकडे मी दिवे धरायला शिकले, मग कॅमेरा धरायला, आणि मग माझ्या डोक्यात भूत शिरलं की आपण यरुशलेमला जाऊन फोटोग्राफी रीतसर शिकायची. तिथे एक कलाशाळा होती. प्रवेशासाठी आपल्या कामाचे नमुने घेऊन मुलाखतीला जायचं होतं. पप्पांनी बंदराच्या ऑफिसात माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. टेबल, खुर्ची, पेन्शन. आमच्या घरात त्या हिवाळ्यात दुसरा विषय नव्हता. पप्पा म्हणत, फोटो काढायला शाळा लागते का, बटण तर एकच असतं. मी म्हणे, क्रेनलापण दांडा एकच असतो. एका शुक्रवारी हे असं फार ताणलं गेलं, आणि पप्पा जेवता जेवता खिडकीकडे बोट करून म्हणाले, "आपलं घर आणि तो समुद्र, दोन्ही एका फोटोत आण. दोन्ही नीट दिसले पायजेत. मंग यरुशलेमचं बोलू. तोपर्यंत हा विषय काढायचा नाय."

पप्पा असलं काही बोलले की ते शब्द पाळत, हे मला माहीत होतं. हे होणं शक्य नाही अशी त्यांची पक्की खात्री होती, हेही माहीत होतं. त्यांना एवढंच माहीत नव्हतं की त्याच आठवड्यात स्टुडिओच्या कॉम्प्युटरवर मी एचडीआर नावाची भानगड वाचली होती.

आज हे मोबाइल आपण होऊन करतो. माझी भाची खिडकीत उभी राहून फोटो काढते, मागचा समुद्र आणि तिचं नाक दोन्ही लख्ख येतात, आणि आपण काय केलं याचा तिला पत्ताही नसतो. मी तिला सांगायला गेले तर ती हिब्रूत ‘दोदा, ठीक आहे’ म्हणते, दोदा म्हणजे मावशी, आणि निघून जाते. तेव्हा मात्र ते सगळं हाताने करावं लागे. कॅमेऱ्याला एका वेळी एक तर उजेड नीट दिसतो नाही तर सावली, दोन्ही एकदम पेलत नाही. म्हणून कॅमेरा तिकाटण्यावर, म्हणजे ट्रायपॉडवर, घट्ट बसवायचा आणि एकाच जागेवरून तीन फोटो घ्यायचे. पहिला काळोखा, ज्यात फक्त समुद्र नीट येईल. दुसरा मधला. तिसरा इतका वेळ उघडा ठेवायचा की खोलीतला कोपरान्‌कोपरा उजळेल. मग कॉम्प्युटरमध्ये तिन्ही एकावर एक बसवायचे आणि प्रत्येकातला चांगला भाग घ्यायचा. अट एकच. तिन्ही फोटो होईपर्यंत समोरचं काहीही हलता कामा नये.

पहिले प्रयोग भयंकर झाले. बाल्कनीतून घेतलेल्या फोटोत आभाळ जांभळं आलं आणि शेजारणीच्या वाळत घातलेल्या चादरींभोवती तेजोवलय. मला ते इतकं आवडलं की मी दोन दिवस सगळ्या जगाचे तीन तीन फोटो काढत हिंडले. केळीवाल्याची गाडी काढली, बस स्टॉप काढला, बंदराच्या भिंतीवर बसलेली मांजरं काढली. मांजरांना सहा सहा कान आले. मालकाने ते पाहिले आणि म्हणाला, "नवरीचा असा काढलास तर लग्न मोडेल." मग मी सिम्हा आत्याला खुर्चीत बसवली. आत्या म्हणजे पप्पांची थोरली बहीण, खालच्याच मजल्यावर एकटी राहायची आणि झोपण्यापुरती. बाकीचा वेळ आमच्याकडे. ती श्वास रोखून पुतळ्यासारखी बसली, आणि फोटोत तिच्या चेहऱ्यावरची एकूणएक सुरकुती खणून काढल्यासारखी आली. ती बराच वेळ बघत राहिली.

"हे कोण?" तिने विचारलं.

"आत्या, तू."

"मी मेल्यावर काढलास काय गो?"

त्यानंतर तिने मला महिनाभर कॅमेऱ्यासकट तिच्यासमोर उभं राहायची बंदी केली, आणि मीही माणसांचे प्रयोग थांबवले. पप्पांची पैज घर आणि समुद्र एवढ्याचीच होती. त्यात माणसं हवीत असं कुठे ठरलं होतं?

मुहूर्त मी तू बिश्वातचा धरला. झाडांच्या नवीन वर्षाचा हा सण सगळेच यहुदी फळं खाऊन साजरा करतात. आम्हा बेने इस्राएलांचं, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांचं, त्यात आणखी एक आहे. आमचे लोक मानतात की एलियाहू हनाबी, म्हणजे प्रेषित एलियाहू, याच दिवशी अलिबागजवळच्या खंडाळ्याहून रथात बसून स्वर्गात गेले, तिथल्या खडकावर रथाची खूण आहे. म्हणून त्या दिवशी घरोघर त्यांच्या नावाने मलिदा करतात. जगातल्या इतर यहुद्यांना हे सांगितलं की ते आधी हसतात आणि मग प्लेट पुढे करतात. आमच्या सलोनमध्ये नाबींचं रंगीत चित्र होतं, ठाण्याहून कपड्यांच्या घडीत आणलेलं. पांढरी दाढी, पांढरा झगा, अग्नीचा रथ. त्याच्याखाली पांढरी चादर घालून मलिद्याचं ताट ठेवायचं.

मलिदा करावा तर आईने. पातळ पोहे नुसते पाण्याचा हात लावून भिजवायचे, चिखल होऊ द्यायचा नाही. त्यात खवलेला नारळ, साखर, वेलची, बदाम-पिस्त्याचे काप, बेदाणे. त्याचा मोठ्या ताटात डोंगर करायचा, भोवती खजूर, केळी, सफरचंदाच्या फोडी, आणि वर एक गुलाब. नारळ खवण्याची जबाबदारी आत्याची. ती विळीवर बसून नारळ खवता खवता इथल्या नारळांना शिव्या देई. घरभर वेलचीचा वास सुटे. हझान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, येऊन प्रार्थना म्हणतील, फळाफळाची बराखा, म्हणजे खाण्याआधीचा आशीर्वाद, म्हटली जाईल, आणि तोपर्यंत ताटातलं शीतही कोणी तोंडात घालायचं नाही. आम्ही लहान असताना या एका गोष्टीवर आईने आमच्या हातावर पळी मारलेली आहे.

चार वाजता लोक येणार होते. तीनच्या सुमारास ऊन समुद्रावरून सरळ खिडकीत येतं आणि खोली अर्धी सोन्याची, अर्धी काळोखी होते, मला तेच हवं होतं. ताट मांडून झालं होतं. मी आईला आणि आत्याला खाली आत्याच्या घरी पिटाळलं. पप्पा हझानकाकांना आणायला गाडी घेऊन गेलेत असं आई म्हणाली. आमच्या घरातल्या दोन फरश्या सैल होत्या, पाऊल पडलं की तिकाटणं हलायचं, त्यामुळे मी स्वतःसुद्धा खोलीत थांबायचं नाही असं ठरवलं होतं. कॅमेऱ्याला वेळ लावली, बटण दाबलं, पाय न वाजवता बाहेर जिन्यात गेले आणि दाराला पाठ लावून उभी राहिले. आतून पहिली खटखट ऐकू आली. मग दुसरी. तिसऱ्याला वेळ लागणार होता, खोली उजळायची होती ना. मी श्वास धरला. शेवटची खटखट झाली तेव्हा यरुशलेम माझ्या डोळ्यांसमोर उभं होतं.

आत गेले तर खोली रिकामी. आणि न्हाणीघरातून पप्पा बाहेर आले, पांढरा सदरा, पांढरी टोपी, टॉवेलने तोंड पुसत. "झाला काय फोटो?" त्यांनी इतक्या गोडपणे विचारलं की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. हझानकाका शेजाऱ्याच्या गाडीने येतायत, म्हणून पप्पा दाढी करायला थांबले होते म्हणे. मग आई वर आली, ताटाकडे एकदा बघितलं, डोंगराच्या एका बाजूवरून हाताचा पंजा फिरवून तो सारखा केला आणि गुलाब सरळ करून ठेवला.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत मी तिन्ही फोटो कॉम्प्युटरला दिले आणि तो विचार करू लागला. त्या काळचे कॉम्प्युटर विचार करू लागले की आपण पिठाच्या गिरणीत जाऊन यावं इतका वेळ जायचा. पडद्यावर चित्र वरून खाली पट्ट्यापट्ट्यांनी उतरायला लागलं. आधी छत, मग नाबींचं चित्र, मग खिडकी. आणि खिडकीत समुद्र. निळा, खरा, बंदराच्या भिंतीसकट, दूर नांगर टाकलेल्या दोन जहाजांसकट. इकडे आईचे पडदे, चादरीच्या घड्या, ताटातली केळी. मी खुर्चीवरून उठून मालकाला मिठी मारणार होते. तेवढ्यात चित्र ताटापर्यंत उतरलं.

ताटाजवळ कोणीतरी उभं होतं. उभं म्हणजे अर्धं. पांढऱ्या कपड्यांचा एक उंच माणूस, ज्याच्यातून मागचं कपाट आरपार दिसत होतं. तोंडाच्या जागी नुसता उजेड. किंचित वाकलेला, दोन्ही हात तोंडाशी. माझ्या पाठीतून शिरशिरी गेली, खोटं कशाला सांगू. मग मी हात नीट पाहिले. उजवा हात तोंडापाशी आणि डाव्या हाताचा तळवा हनुवटीखाली. तीनपैकी एकाच फोटोत, तोही तिसऱ्या, लांबलेल्या फोटोत हा माणूस आला होता, घास घेतला होता आणि गेला होता. म्हणून एकतृतीयांश उमटला होता. मी इतकी हसले की मालक नवऱ्यामुलाला तसाच पोट आत धरून सोडून बघायला आला.

नुसतं घर आणि समुद्र मी पुन्हा काढू शकले असते, पण हा असा फोटो पुन्हा मिळाला नसता. मलिदा संपला होता, आणि त्या माणसाला पुसायची विद्या मला तेव्हा येत नव्हती. येत असती तरी मी पुसलं असतं असं वाटत नाही. मी त्याची ही मोठी प्रत काढली आणि शुक्रवारी दुपारी, शब्बाथ लागायच्या आधी, घरी नेऊन सलोनच्या मेजावर ठेवली. म्हटलं बघू या, पप्पा पैज कशी नाकारतात. फोटो बिघडलाय म्हणायचं तर का बिघडला तेही त्यांनाच सांगावं लागणार होतं.

आधी पप्पांनी फक्त समुद्र पाहिला. त्यांच्या तोंडावर जे उमटलं ते मी कधी विसरले नाही. एखाद्याने पाठ थोपटावी तसा त्यांचा सगळा चेहरा सैल झाला. मग त्यांची नजर खाली ताटाकडे गेली आणि तिथेच थांबली. तोवर आत्याने चष्मा लावला होता. ती फोटोवर वाकली, ताठ झाली, भिंतीवरच्या चित्राकडे बघितलं, पुन्हा फोटोवर वाकली, आणि डोक्यावर पदर घेतला.

"आले होते," ती हळू आवाजात बोलली. "आपल्या घरी आले होते."

"कोण?" आई.

"कोण काय विचारते? पांढरा झगा बघ. तोंडावर तेज बघ. दुवा देऊन राह्यलेत ताटाला."

मी तिला समजावून सांगितलं. तीन फोटो असतात, त्यातल्या एकात कोणी हललं तर असं होतं, कॅमेऱ्याची चूक आहे. आत्याने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मंग कोण हललं? घरात कोण होतं?"

माझ्या तोंडाशी आलं होतं. पप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ते गिळलं. "कोणी नाही," पप्पाच म्हणाले, "मी न्हाणीघरात होतो."

"दाढी कुठाय पण?" आईने विचारलं. तिचा चेहरा अगदी साधा होता.

"तेजात गेली दाढी," आत्या म्हणाली. विषय संपला.

थोड्या वेळाने स्वयंपाकघरात पप्पा पाणी प्यायला आले. मी वालाचं बिरडं ढवळत होते. आईने सांगितलं होतं की वाल मोडता कामा नयेत, म्हणून मी फार मन लावून ढवळत होते.

"पप्पा," मी म्हटलं, "नाबी चहात साखर घेतात का हो?"

त्यांनी ग्लास खाली ठेवला. "तू कोणाला बोललीस?"

"अजून नाही."

"तुझ्या मम्मीला कळलं तर माझ्या जेवणातून केळंपण जाईल."

"घर आलंय, समुद्र आलाय," मी म्हटलं. "दोन्ही नीट दिसतायत."

पप्पांनी ग्लास उचलून नळाखाली धुतला. "बघू," ते म्हणाले, आणि आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे हो असतं. त्या रात्री मी मनातल्या मनात सामान बांधलं. बापाला इतकं सोपं कोंडीत पकडता येतं, हे मला आधीच का सुचलं नाही, असं वाटत होतं.

पण आत्याला मी हिशेबात धरलं नव्हतं. शनिवारी सकाळी ती मशिदीत गेली. आमची जुनी माणसं सिनेगॉगला मशीद म्हणतात, अजूनही. तिथे प्रार्थना संपेपर्यंत बायकांच्या बाजूला ही बातमी पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत पोचली होती, आणि तिथून पुरुषांच्या बाजूला. दुपारी हझानकाका, त्यांच्या मागे मशिदीच्या कमिटीतली तीन म्हातारी माणसं आणि त्यांच्या मागे आत्या, असे सगळे चार जिने चढून आमच्या सलोनमध्ये आले. कोणी फोटोला हात लावला नाही. नुसते वाकून बघत होते. एका म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तो म्हणाला, माझी आई अलिबागेला सांगायची की नाबी येतात, फक्त आपल्याला दिसत नाहीत. मला पहिल्यांदाच हसू आलं नाही.

"हा फोटो मशिदीच्या हॉलमध्ये लावू," कमिटीतले एक जण म्हणाले. "चौकट मी देतो. लग्नाआधीचा मलिदा तिथेच होतो. नवरानवरी याच्यासमोर बसतील."

हझानकाकांनी फोटोवरून नजर उचलली होती. ते पप्पांकडे बघत होते. पप्पा खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते आणि त्यांच्या कानांचा रंग बदलत चालला होता. माझे पप्पा साखरेच्या बाबतीत कसेही असोत, एलियाहू हनाबींच्या बाबतीत तसे नव्हते. सैन्यात मला पोचवायला आले तेव्हा बसच्या दारात त्यांनी नाबींचंच नाव घेतलं होतं.

"तो मी आहे," ते म्हणाले.

कोणाला ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं. "फोटोतला तो मी हाय. मलिदा खात होतो. चोरून."

मग आत्या उठली, आणि मला वाटलं ती आता रडेल. ती भावावर तुटून पडली. "लाज नाय वाटत? पोरीला यरुशलेमला पाठवायला नको म्हणून फोटो खोटा पाडतोस? नाबींना खोटं पाडतोस?"

"आग सिम्हा, मी खरं सांगतो, मी होतो."

"तू? तुझ्या तोंडावर कधी तेज बघितलं नाय मी. लहानपणापासून बघते तुला."

कमिटीची माणसं माना हलवू लागली. त्यांनाही हे पटलं होतं की बाप मुलीच्या आड येतोय. एक जण तर पप्पांना म्हणाले, शब्द दिला असेल तर पाळावा, नाबींच्या नावाने तरी पाळावा. पप्पा घामाघूम झाले. त्यांच्या उभ्या आयुष्यात ते पहिल्यांदा सगळ्यांसमोर चोरी कबूल करत होते आणि कोणी त्यांना चोर मानायला तयार नव्हतं. मी गप्प राहिले असते तर सगळं माझ्या मनासारखं झालं असतं. मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी आई बोलली.

"तेच आहेत," आई म्हणाली. ती दारात पदराला हात पुशीत उभी होती. "हनुवटीखाली हात बघा. लग्नाच्या मांडवातपण बासुंदी असेच खात होते. ताटाची एक बाजू खाली गेली होती, मी सारखी केली."

"तुला ठाऊक होतं?" पप्पांनी विचारलं.

"मग काय. म्हटलं, बघू किती दिवस नाबी होऊन राहतात."

हझानकाकांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. आधी वाटलं खोकतायत. त्यांनी डोळे पुसले आणि पप्पांना विचारलं, "बराखा तरी म्हटलीस का खाण्याआधी?"

"मनात म्हटली. तोंड भरलेलं होतं."

त्यावर ते अलिबागचे म्हातारेसुद्धा हसले. फक्त आत्या हसली नाही. तिने फोटो उचलला, खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला आणि म्हणाली की तो खात होता ते असू दे, पण त्याच्या मागे कोण उभं आहे ते तुम्हाला दिसत नाही. मरेपर्यंत तिने हेच मत ठेवलं. तिच्याशी वाद घालायला कोणी गेलं नाही, आणि मी तर नाहीच. त्या दिवशी त्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांतलं पाणी पाहून मला इतकं कसंनुसं झालं होतं.

सगळे गेल्यावर मला वाटलं, संपलं. पप्पांना आता माझी भीती उरली नव्हती. आईला सगळं कळलं होतं, केळं गेलंच होतं, आणि बंदराच्या ऑफिसातली खुर्ची तशीच रिकामी होती. मी फोटो गुंडाळायला घेतला. पप्पा खिडकीत पाठमोरे उभे होते.

"तो गुंडाळू नकोस," ते म्हणाले. "घडी पडेल. तिथल्या मास्तरांना दाखवायला लागेल ना."

मी फोटो परत उलगडला.

"मी सांगितलं होतं घर आणि समुद्र. मी मध्ये आलो, तो तुझा दोष नाय." मग थोडं थांबून म्हणाले, "डॅनियलला एक प्रत पाठव. पण मला कापून."

मुलाखतीला पप्पा माझ्याबरोबर आले. मी नको म्हणत होते. सैन्यातून आलेली बावीस वर्षांची मुलगी, तिला बस कळत नाही का? त्यांनी लग्नातला कोट घातला होता आणि यरुशलेमपर्यंत ते खिडकीतून बाहेर बघत बसले. आत तीन परीक्षक होते. मधल्या बाईंचे केस पांढरे, बारीक कापलेले. त्यांनी माझे सगळे नमुने भराभर बाजूला केले आणि त्या एका फोटोवर थांबल्या. मग ताटाजवळच्या त्या अर्ध्या माणसावर बोट ठेवलं.

"ही चूक आहे," त्या हिब्रूत म्हणाल्या. "तुलाही दिसली असेल. काढून का नाही टाकलीस?"

मी एचडीआरचं सगळं शास्त्र पाठ करून गेले होते. ते सगळं बाजूला ठेवलं.

"ती चूक बाहेर बाकावर बसलीय," मी म्हटलं. "आत बोलावू?"

त्या स्वतःच उठल्या आणि दार उघडलं. पप्पा घाईने उभे राहिले, टोपी सारखी केली, आणि आत येऊन माझ्या शेजारी उभे राहिले. बाईंनी फोटो त्यांच्यासमोर धरला आणि विचारलं, यात तुम्ही काय करताय? पप्पांचं हिब्रू बंदरावर शिकलेलं, त्यात ‘उचल’, ‘सोड’ आणि ‘सांभाळ’ एवढंच धड यायचं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मदत केली नाही.

"चोरी," ते म्हणाले. आणि मग माझ्या डोक्यावर हात ठेवून, "हिने पकडलं."

बाकीचे दोघे हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी फोटो उलटा करून मागे माझं नाव लिहायला लावलं, तो आपल्याकडच्या गठ्ठ्यात ठेवला आणि म्हणाल्या, "रोश हशानाच्या सणांनंतर वर्ग सुरू होतात. तेव्हा वडिलांना घरी ठेवून ये."

ते काही जमलं नाही. पहिल्या दिवशीही पप्पा आलेच.